तळ्याच्या पोटातली वाट

तळं मी मे महिन्यात मोजलं आणि माणसं नोव्हेंबरात बोलावली.

एवढ्यावरूनच ज्यांच्या लक्षात घोळ आला असेल ते माझ्याहून हुशार. मला तो कळायला सहा महिने लागले आणि डाव्या पायातला एक बूट गेला. बरं, मी काही शहरातून हवा खायला आलेला माणूस नाही. जन्म आदिलाबादेतला, आणि नोकरीची एकतीस वर्षं तहसील कचेरीत जमिनीचे कागद लिहिण्यात गेलेली. कुणाचं शेत कुठं संपतं हे मी खुर्चीतून न उठता सांगत असे आणि लोक ऐकून घेत, कारण शिक्का माझ्या टेबलावर असायचा.

हे तळं नार्नूरच्या पुढं, डांबरी सोडून सागाच्या जंगलात आत शिरल्यावर लागतं. एका अंगाला जुना दगडमातीचा बांध, उरलेल्या तिन्ही अंगांना झाडी. जवळच्या गोंड वस्तीतले लोक त्याला नुसतं तळं म्हणतात. जवळपास दुसरं तळं नसल्यामुळे कुणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा होण्यासाठी मला तिथं जावं लागलं.

त्या तळ्याला फेरा घालायची कल्पना माझ्या मोठ्या बहिणीची, आक्काची. आक्का निवृत्त शिक्षिका. वय अडुसष्ट. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आमच्या गावात एकटी राहते. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला झालेलं, आत धातूची वाटी बसवलेली. तिचा एकुलता एक मुलगा हैदराबादला कंपनीत. मुलगा चांगला आहे, हीच सगळी अडचण. वाईट असता तर आक्कानं त्याला एका वाक्यात परत पाठवला असता.

त्या मे महिन्यात तो आला तो आईला घेऊन जायचंच असं ठरवून. सातव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दवाखाना समोर आहे. आक्का सगळं ऐकून घेत होती आणि तुरीची डाळ निवडत होती.

"आई, तू इथं पडलीस तर कोन उचलन?" तो म्हणाला.

"पडल्यावर पाहू. अजून उभी हाय मी."

"किती उभी हायस ते मले काय माहीत? तू फोनवर तर रोजच बरी असतेस."

यावर आक्का डाळ निवडायची थांबली. ती म्हणाली, मग पाहून घे. तूच सांग, काय करून दाखवू.

माझा भाचा रविवारी कंपनीतल्या लोकांबरोबर डोंगरदऱ्या हिंडतो. त्याच्या फोनमध्ये प्रत्येक वाटेला एक दर्जा दिलेला असतो: सोपी, मध्यम, कठीण. त्यानं अट घातली. एक मध्यम वाट, एका दिवसात, स्वतःच्या पायांनी. मध्येच गाडी नाही, कुणाचा हात धरायचा नाही. ते जमलं तर हैदराबादचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर संक्रांतीच्या आत सामान बांधायचं.

"काठी चालन का?" आक्कानं विचारलं.

"काठी चालते."

"मंग तळ्याचा फेरा. दिवाळीनंतर."

तळंच का, ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. तिची पहिली नेमणूक तळ्यापलीकडच्या वस्तीवर, एकशिक्षकी शाळेत. बस नार्नूरच्या रस्त्याला सोडायची आणि तिथून तळ्याच्या कडेकडेनं ती चालत जायची, रोज जाऊन येऊन. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि घरी बसून पाय दुखतात म्हणत होतो.

पुढचं शहाणपण माझं. मी म्हणालो, वाटेची आखणी माझ्याकडे. मोजमाप हा माझा विषय आहे, तुम्ही फक्त चाला. आक्का म्हणाली, "आत्ता नको मोजू लहान्या. दिवाळीच्या तोंडावर जाऊन पाह." मी हसून म्हणालो, "जमीन काय हालते काय, आक्का?" शाळेत एखाद्या पोरानं सात नवे बासष्ट म्हटल्यावर ती जशी पाहायची तसं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डाळ पुढं निवडायला घेतली.

चार दिवसांनी मी तळ्यावर गेलो. जुन्या मोजणीदारांसारखं करावं म्हणून डाव्या खिशात चिंचोके भरून घेतले होते. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. डोकं उन्हानं तापलं होतं, पण काम चोख चाललं होतं. बांधावरून उतरलो आणि काय सुंदर वाट लागली म्हणता! सपाट, काळीभोर माती, पायाला गार लागणारी. मधूनमधून काकडीचे आणि टरबुजाचे वेल. एका बाईनं मला काकडी तोडून दिली, ती मी उभ्या उभ्या खाल्ली. तळं बिचारं दूर मध्यभागी, डबक्याएवढं होऊन पडलेलं. त्याच्याकडे मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, कारण माझं लक्ष वाटेवर होतं.

एवढी सपाट जमीन, तीही जंगलाच्या पोटात, कुणाच्या नावावर असेल बरं, हाही प्रश्न माझ्या मनात आला. कारकुनाला असले प्रश्न पडतातच. उत्तर मात्र आलं नाही, आणि ते आलं नाही याचं मला काही वाटलंही नाही. पुढं एक ऐसपैस काळा दगड सापडला, चार माणसांची पंगत आरामात बसेल असा. त्यावर खडूनं फुली मारली: जेवणाची जागा.

बावन्न चिंचोके भरले. म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या थोडं वर. रात्री भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, मामा, एवढी सपाट असेल तर ती सोपी झाली, मध्यम नव्हे. आता इथं कुठलाही शहाणा भाऊ आनंदानं गप्प बसला असता. पण माझ्या आखणीला हलका दर्जा मिळाला हे मला सोसेना. मी म्हणालो, थांब, पलीकडं देवाची टेकडी आहे, ती घालतो. भाचा म्हणाला, मग झाली मध्यम. अशा रीतीनं ऑपरेशन झालेल्या सख्ख्या बहिणीच्या वाटेत मी स्वतःच्या हातानं एक टेकडी आणून ठेवली. आक्काला सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली.

पावसाळाभर मी कागद तयार केला. पाच रकाने: अनुक्रमांक, वेळ, ठिकाण, अंतर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'सावली आहे', 'पाणी पिणे', 'उतार सौम्य' असं सुवाच्य अक्षरात. अनुक्रमांक सातला 'निसर्ग पाहणे, दहा मिनिटे'. बायकोनं कागद वाचला आणि विचारलं, निसर्ग दहाच मिनिटं पाहायचा का, आणि अकराव्या मिनिटाला तिकडं पाहिलं तर काय होतं. मग तिनं खरा प्रश्न विचारला, की दिवसभरात आक्कांना आडोशाला जावं लागलं तर कुठं जायचं, ते कुठल्या रकान्यात आहे. ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. मी शेऱ्यात भर घातली: 'झाडी दाट आहे.' तीन प्रती केल्या. एक आक्काला, एक भाच्याला, एक फाईलसाठी. फाईल नव्हती, पण प्रत ठेवायची सवय.

मी कागदावर चालत होतो तेव्हा आक्का खरी चालत होती. हे मला फार उशिरा, तेही तिच्या शेजारणीकडून कळलं. पहाटे ती घरातून निघून पहिल्या कापसाच्या शेतापर्यंत जायची आणि परत यायची. मग दुसऱ्या शेतापर्यंत. मग नाल्यापर्यंत. श्रावणात पाऊस लागला तेव्हा शाळेच्या पायऱ्या. शेजारीण सांगत होती, चढताना बाईंना काही वाटत नाही, उतरताना त्रास होतो, म्हणून बाई उतरायचं जास्त करतात. एकदा चढल्या की चार पायऱ्या खाली, दोन वर, चार खाली. कुणी विचारलं तर म्हणायच्या, शाळेत काहीतरी विसरलं होतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या बाईचं शाळेत रोज काय विसरत असेल, हे गावानं तिला विचारलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. आणि तिनं हे आम्हाला दोघांनाही सांगितलं नाही, याचं तर फारच.

दिवाळी झाली, भाचा आला, आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही तिघं नार्नूरहून ऑटोनं निघून बांधाशी उतरलो. ऑटोवाल्याला संध्याकाळी परत यायला सांगितलं.

बांधावर चढलो. तळं काठोकाठ भरलेलं. पाण्यावरून धुकं निघत होतं, जसं चुलीवरून उतरवलेल्या भाताच्या पातेल्यावरून निघतं. अलीकडच्या अंगाला पोयण्यांची, म्हणजे पाणकमळांची, पानं पसरलेली आणि त्यांच्यावरून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत असा चालला होता, की पान हलत नव्हतं. सागाची पानं अजून झाडावर होती, कडेनं पिवळी पडू लागलेली, आणि सगळं जंगल पाण्यात उलटं उभं होतं. पलीकडून अडया बदकांचा एक थवा शीळ घालत उठला, फिरला आणि पुन्हा तिथंच बसला. इतकी शांतता होती की त्यांचे पाय पाण्याला लागल्याचं ऐकू आलं.

"पाहा, किती पाणी आहे," मी भाच्याला म्हणालो, जणू पावसाळाभर बादल्यांनी मीच भरून ठेवलं होतं.

आक्कानं तळ्याकडे पाहिलं. मग माझ्या कागदाकडे पाहिलं. मग कागदाची घडी घालून पिशवीत टाकली आणि काठी उचलली. 

बांध संपेपर्यंत माझा कागद आणि जग यांचं जमलं. अनुक्रमांक एक, दोन, तीन. चौथ्याला लिहिलं होतं: 'येथून डावीकडे उतरणे, वाट सपाट, मऊ माती.' डावीकडे उतरलो. दहा पावलांवर वाट पाण्यात गेली. कडेनं वळली वगैरे नाही, सरळ आत उतरली आणि दिसेनाशी झाली.

"मामा, वाट?" भाच्यानं विचारलं.

मी म्हणालो, हीच वाट आहे. थोडं पाणी चढलेलं दिसतंय, घोटाभर असेल, पुढं जमीन लागते, मी स्वतः मोजली आहे. आणि हे पटवून द्यायला मी पुढं झालो. पहिलं पाऊल घोटाभर गेलं. दुसरं गुडघाभर. तिसरं कुठं गेलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते परत काढलं तेव्हा बूट तिथंच राहिला होता. भाच्यानं मला काखेत हात घालून ओढून काढलं. मी चिखलात हात घालून बूट शोधू लागलो तर वरून कुणीतरी हसलं.

ऐनाच्या झाडाखाली एक म्हातारा गोंड गुराखी उभा होता, खांद्यावर काठी आडवी टाकून. त्याच्या म्हशी पाण्यात डुंबत होत्या, जिथं मी मे महिन्यात काकडी खाल्ली होती साधारण तिथंच.

"तिकडं कुठं चालले साहेब?" तो म्हणाला. "ते शिकम होय."

शिकम. आता हा शब्द समजावून सांगतो, म्हणजे माझी लायकी नीट कळेल. तुमच्याकडे सातबारा असतो तशी आमच्याकडे पहाणी. निजामाच्या काळापासून त्यात तळ्याखालच्या जमिनीला शिकम म्हणतात. शिकम म्हणजे पोट. तळ्याचं पोट. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते पोट उघडं पडतं, लोक त्यात काकड्या-टरबुजं लावतात, आणि पावसाळ्यात तळं आपलं पोट परत घेतं. म्हणून ती जमीन कुणाच्या नावावर होत नाही. हा शब्द मी एकतीस वर्षं लिहिला. गावोगावच्या पहाण्यांत, निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात, हजारदा तरी. शिकमावर पट्टा मागणाऱ्या लोकांना मी टेबलापलीकडून सुनावलं आहे, की अहो, हे तळ्याचं पोट आहे, एवढं कळत नाही? आणि त्याच पोटावर भर दुपारी उभा राहून, चिंचोके मोजत, काकडी खात, मी विचारत होतो की ही जमीन कुणाची.

कागदावरची शिकम मला पाठ होती. पायाखालची ओळखता आली नाही.

मी हे सगळं कबूल केलं. भाच्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण त्याच्या डोक्यात वेगळंच आलं होतं. तो आईला म्हणाला की आता राहू दे. वाट बुडाली आहे, तुझा दोष नाही, मामांनी चुकीचं मोजलं. आपण बांधावर बसू, जेवू, ऑटोवाल्याला फोन करू. फार मायेनं बोलत होता. पण बोलता बोलता तो हेही म्हणाला की संक्रांतीपर्यंत वेळ आहेच, घाई नाही, आरामात सामान बांधू.

मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. बुटाचं काही नाही. पण मी आखलेल्या वाटेवर माझी बहीण हरत होती, आणि तेही एक पाऊल चुकीचं न टाकता.

आक्का गुराख्याकडे वळली आणि त्याच्याशी गोंडीत बोलली. त्या वस्तीवर असताना शिकलेली गोंडी, चाळीस वर्षांत बोथट झाली असेल म्हणावं तर तसं काही नव्हतं. त्यानं हातानं झाडीतून एक लांब कमान काढून दाखवली, टेकडीच्या खांद्यावरून पलीकडे. आक्कानं आणखी एक प्रश्न विचारला. त्यानं सूर्याकडे बोट केलं आणि ते हळूहळू माथ्यावरून पश्चिमेकडं नेलं. मग ती आमच्याकडे वळली.

"फेरा कोनाचा ठरला होता? पान्याचा," ती म्हणाली. "मंग पानी जिथं हाय तिथून फेरा."

"आई, ते दुप्पट पडते."

"म्हशी करून येतात रोज. सांजच्या आत घरी असतात. मले म्हशीच्या चालीनं जाता येते."

भाचा माझ्याकडे पाहू लागला.  माझ्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायाला मी गळ्यातला पंचा गुंडाळत होतो.

त्यानंतर जे मी पाहिलं ते मला कुठल्याच रकान्यात लिहिता आलं नसतं.

आक्का पुढं, आम्ही मागं. तिथं आखलेली वाट नव्हतीच. गवत कमरेएवढं, कुसळं कपड्यांतून आत शिरत होती. भाच्यानं फोन काढून दिशा पाहायला सुरुवात केली, आणि मी नेहमीप्रमाणे सूर्यावरून अंदाज सांगू लागलो. आक्का खाली पाहत चालत होती. थोड्या वेळानं ती न वळता म्हणाली, "शेण पाहून चाला. शेण हाय तिथं पाय बसते." तेव्हा लक्षात आलं. म्हैस कधी खडा चढ घेत नाही, घसरडा उतार घेत नाही, जिथं जमीन भरवशाची तिथूनच जाते. आक्का शेणाच्या पोवट्या पाहत पाहत टेकडीच्या खांद्यावर अशी चढली, की चढ आला कधी आणि संपला कधी तेच कळलं नाही. ज्या देवाच्या टेकडीसाठी मी अनुक्रमांक नऊ खर्च केला होता ती अशी बाजूला गेली.

ती थांबायचीही. पहिल्यांदा थांबली तेव्हा मी तिला वाचवायला म्हणालो, पाहा पाहा, आक्का खंड्या पाहतेय. ती म्हणाली, "खंड्या-बिंड्या काही नाई. थकली म्हनून थांबली. झालं, चाला आता." मुलासमोर, तेही जिथं थकण्यावरच सगळं अवलंबून होतं तिथं, असं सरळ सांगायला काय लागतं ते मला माहीत आहे, कारण माझ्याकडे ते नाही. माझा पाय केव्हापासून ठणकत होता आणि मी दर पाच मिनिटांनी झाडांची नावं विचारत होतो.

सुरुवातीला भाचा तिच्या अगदी मागं, दोन्ही हात पुढं धरून चालत होता, पडली तर झेलायला. तासाभरानं ते हात खिशात गेले. आणखी अर्ध्या तासानं तो मागं राहून पाणकोंबड्यांचे फोटो काढत होता, आणि आक्का वळून ओरडली, की येतोस का, का तुझ्यासाठी ऑटो बोलवू.

दुपारी पाण्यालगत आलो तेव्हा मला माझा जेवणाचा दगड दिसला. तळ्यात पार आत, चोहोबाजूंनी पाणी, आणि वर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला. मी तो दगड भाच्याला दाखवला. म्हटलं, तिथं फुली मारली होती. तो म्हणाला, मामा, जागा चांगली निवडली, फक्त होडी लिहायची राहिली शेऱ्यात. आम्ही एका पडलेल्या अर्जुनाच्या खोडावर बसलो, कारण आक्काला जमिनीवर बसायची मनाई, आणि ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी खाल्ली. समोर पाणी इतकं निवांत होतं की आम्ही तिघंही तिकडंच पाहत बसलो. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

खरी परीक्षा पुढं होती. तळ्याला येऊन मिळणारा ओढा. मे महिन्यात तो मी एका उडीत ओलांडला होता, इतका सुकलेला, की कागदावर लिहिलाच नाही. आता तो दहा-बारा हात रुंद, गुडघ्याच्या जरा खाली, आणि वाहता. तळाशी गोटे. भाचा काठावर उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून कळत होतं की त्याला अट मोडून हात पुढं करायचा आहे आणि तसं करायची भीतीही वाटते आहे, कारण हात धरला की निकाल लागला.

"मी धरतो आई," शेवटी तो म्हणालाच. "हे मोजायचं नाई."

"मोजायचं," आक्का म्हणाली. "बाजूले हो."

तिनं चपला काढून पिशवीत टाकल्या, पिशवी गळ्यात अडकवली, लुगड्याचा काठ खोचला. पलीकडच्या काठाकडे तोंड करून न जाता ती आडवी उभी राहिली, प्रवाह जिकडून येतो तिकडं तोंड. काठी पुढं टेकली. मग एक पाय बाजूला सरकवला, उचलला नाही, तळाशी घासत नेला, गोटा चाचपला, त्यावर भार दिला. मग दुसरा. मग काठी. खेकड्यासारखी. मध्यावर आली तेव्हा नव्या गुडघ्याचा पाय एका गोट्यावरून निसटला आणि ती एका बाजूला झुकली. भाचा पाण्यात शिरला. तिनं मान न वळवता तळहात उभा करून त्याला थांबवलं, वर्गात गोंगाट थांबवतात तसा. काठीवर भार घेतला, श्वास घेतला, पाय पुन्हा शोधला. आणि पलीकडे निघाली. काठावर चढून तिनं आधी पायाचे तळवे पुसले, चपला घातल्या, मग आमच्याकडे पाहिलं. असंच रोज जायची ती, पावसाळ्याचे चार महिने, पोरांच्या वह्या डोक्यावर घेऊन. मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो की माझी बहीण शिक्षिका होती. ती काय करत होती ते मी त्या दिवशी पाहिलं.

माझं काय झालं ते थोडक्यात. मी प्रवाहाची पर्वा न करता, पलीकडच्या काठाकडे तोंड करून, पाय उचलून उचलून गेलो, आणि चौथ्या पावलाला बसलो. पाण्यातच बसलो. भाच्यानं मला हात धरून पलीकडं नेलं. माझी अट काही नव्हती, म्हणून चाललं. बाहेर आल्यावर पंचा वाहून गेल्याचं लक्षात आलं आणि पोटरीत गोळा आला. मी म्हणालो, काही नाही, ठीक आहे. आक्कानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि काठी पुढं केली.

"हे घे."

"आणि तू?"

"मले आता सपाटच हाय."

बांधापर्यंतची शेवटची वाट आक्का मोकळ्या हातांनी चालली. ऊन कलतं झालं होतं, पाणी तांबूस होऊ लागलं होतं, अडया पुन्हा शीळ घालत होत्या. मी तिच्या मागं, तिच्या काठीवर, भाच्याच्या खांद्याला धरून. बांधावर ती एका दगडावर टेकली, पाणी प्यायली आणि गुडघ्यावरून एकदा हात फिरवला, जसं एखाद्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

भाच्यानं फोन पाहिला. आठ किलोमीटरच्या वर झालं होतं. हे मध्यमच्या पलीकडं गेलं, असं तो हळू आवाजात म्हणाला, आणि तळ्याकडे वळला. मला वाटलं, आता हा काहीतरी नवं काढणार, की गुडघा आज चालला, उद्याचं काय. आक्कालाही तेच वाटलं असावं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. पण बाटलीचं झाकण तिला दोनदा फिरवावं लागलं.

"राहा तू इथंच," तो म्हणाला. "मी विषय काढनार नाई."

"महिन्याले एकदा ये मातर," आक्का म्हणाली. एवढंच. आणि डोळे पुसले, ते घामाचं निमित्त करून.

मग भाचा माझ्याकडे वळला. एक पाय उघडा, चिखलानं गुडघ्यापर्यंत काळा. पॅन्ट ओली, तिच्यात कुसळं इतकी घुसलेली की ती नुसती ठेवली तरी उभी राहिली असती. हातात बहिणीची काठी. त्यानं मला वरून खाली आणि खालून वर पाहिलं.

"आईची फिकर मिटली," तो म्हणाला. "पन मामा, तुमाले घरातून एकटं कोन सोडते?"